गांडुळांची पेटी विकत घेण्याआधी कचरा मुरवायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेची बाल्कनी, घरात चार माणसं. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या, एक गळका माठ आणि मासळीचा थर्माकोलचा खोका पडून होता. नर्सरीतून अर्धा किलो गांडुळं आणली, एका बादलीत कुंडीतली माती भरली, वर दोन दिवसांचा ओला कचरा टाकला, गांडुळं सोडली आणि झाकण लावलं. चौथ्या दिवशी वास सुटला, निम्मी गांडुळं मेली, उरलेली झाकणाला चिकटून बसली. सासूबाई म्हणतात, फेकून दे हे. नेमकं चुकलं काय, घरातल्या वस्तूंवर हे जमण्यासारखं आहे का, की ती महागडी तयार पेटी घ्यावीच लागेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण लोकांचे पैसे तिथेच जातात. पेटी घेऊ नका. तयार पेटीत एकावर एक ट्रे असतात, खाली नळ असतो, दिसायला नीटनेटकी असते आणि चालतेही. पण तुमच्या बादलीत जे झालं तेच त्या पेटीतही झालं असतं, कारण दोष भांड्याचा नव्हताच. गांडुळांना ओला कचरा द्यायचा नसतो, मुरलेला कचरा द्यायचा असतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ शेवटी इथेच सापडतं.

गांडुळाला दात नसतात. दुधीची ताजी साल समोर ठेवली तरी ते तिचा तुकडा तोडू शकत नाही. आधी जिवाणू आणि बुरशी सालीवर काम करतात, ती मऊ पडते, बुळबुळीत होते, आणि मग गांडूळ तो मऊ भाग जिवाणूंसकट ओढून घेतं. पुढे त्याच्या शरीरात जाड स्नायूंची एक पिशवी असते. गिळलेल्या रेतीच्या बारीक कणांनी तिथे सगळं दळलं जातं. जिवाणूंचं हे पहिलं काम मात्र गरम असतं. ताज्या कचऱ्याचा ढीग स्वतःहून तापतो, आणि तापताना आतला प्राणवायू संपवतो. गांडूळ श्वास घेतं ते ओल्या कातडीतून. हवा संपली, गरमी वाढली की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, पळणं नाहीतर मरणं. झाकणाला चिकटलेली गांडुळं तुमच्या बादलीतली शहाणी गांडुळं होती, हवा शोधत वर आलेली. त्यात बाल्कनी पश्चिमेची. दुपारी दोननंतर तिथे ऊन येतं, आणि खतात काम करणाऱ्या बहुतेक गांडुळांना पस्तीस अंशांपुढे निभावत नाही. पंचवीसच्या आसपास ती सुखात असतात.

मातीचंही सांगते. ‘गांडूळ म्हणजे माती’ हे आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेलं आहे, पण खताची गांडुळं आणि शेतातली गांडुळं वेगळी. शेतातली जमिनीत खोल बिळं करून राहतात, माती खातात, संथ वाढतात. खताची गांडुळं जमिनीच्या वर, कुजत्या पाल्यात, शेणाच्या ढिगाखाली राहणारी. त्यांना भुसभुशीत, पोकळ, हवा खेळणारं अंथरूण लागतं. कुंडीतली माती पाणी पडलं की बसते, घट्ट होते, आणि बादलीच्या तळाशी तर चिखल होतो. म्हणून पावसाळ्यात अंगणात दिसलेली गांडुळं उचलून बादलीत टाकणं हा दोघांवरही अन्याय आहे. ती तिथे जगत नाहीत, आणि अंगणातली माती मात्र त्यांना मुकते.

आपल्याकडे विकत मिळणाऱ्या गांडुळांत मुख्यतः तीन जाती असतात. आयसेनिया फेटिडा लालसर, अंगावर फिकट पट्टे, शेपटीचं टोक पिवळट. ही सगळ्यात सोशिक, थंडीतही काम करणारी. युड्रिलस युजेनी मोठी, जांभळट चमक असलेली, भराभर खाणारी. मूळची आफ्रिकेची, त्यामुळे उबदार हवा तिला मानवते आणि कडक थंडीत ती मलूल होते. तिसरी पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. ही आपल्याच भागातली, निळसर झाक असलेली, अतिशय चपळ, आणि पाऊस यायच्या सुमारास भांडं सोडून निघण्यात पटाईत. नवख्याने आयसेनिया घ्यावी, कोकणपट्टीत युड्रिलसही चालते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे चौकशी करा, आणि गांडुळं त्यांच्या जुन्या खतासकट मागून घ्या. धुतलेली, मोकळी गांडुळं घेऊ नका. अर्धा किलोच्या पिशवीत बऱ्याचदा निम्मं वजन त्या खताचंच असतं, आणि ते असावंच. त्यात कोष, म्हणजे गांडुळांच्या अंड्यांचे बारीक दाणे असतात, पिल्लं असतात, ओळखीचे जिवाणू असतात. एक विनंती. फेटिडा आणि युजेनी या दोन्ही जाती बाहेरून आलेल्या आहेत. खत वापरताना गांडुळं वेचून परत भांड्यात टाका, ट्रेकला नेऊन जंगलात सोडू नका.

आता वस्तूंकडे येऊ. तुमच्याकडे जे आहे त्यात सगळं बसतं, फक्त कामं वाटून द्यायला हवीत.

रंगाच्या बादल्या. भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या असतील तर वाळलेला रंग खरवडून, साबणाने दोनदा धुऊन वापरता येतील. ऑइल पेंट, थिनर, फवारणीचं औषध, ॲसिड यांची भांडी कितीही धुतली तरी घेऊ नका. वीस लिटरची बादली गांडुळांच्या घरासाठी मात्र मला पसंत नाही. ती उंच आणि अरुंद आहे. खताची गांडुळं वरच्या वीतभर थरात वावरतात, त्याखाली वजनाने सगळं दबतं आणि सडतं. गांडुळांना पसरट भांडं हवं. घरात बाळाच्या अंघोळीचा जुना टब असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. भाजीवाल्याचा तुटका क्रेट आतून धान्याच्या प्लॅस्टिक गोणीचं अस्तर लावून वापरा, तडा गेलेलं घमेलंही चालेल. आंब्याची लाकडी पेटी मिळाली तर सोनं. फळ्यांच्या फटींतून हवा खेळते, लाकूड जास्तीची ओल शोषून घेतं. एक-दोन पावसाळ्यांत ती स्वतःच कुजते, तेव्हा तिचे तुकडे करून खतात घाला, खिळे तेवढे काढा.

दोन्ही बादल्या मुरवणीसाठी ठेवा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, सगळा खेळ तिथेच आहे.

गळका माठ. विदर्भात, सोलापुरात, नगरकडे राहणाऱ्यांना मी सगळ्यात आधी माठच सुचवते. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरतं, बाहेर सुकतं आणि आत गारवा राहतो. बाहेर बेचाळीस अंश असताना सावलीतल्या माठात गांडुळं तग धरतात, प्लॅस्टिकमध्ये तीच उकडून निघतात. अडचण तोंडाची आहे. निमुळत्या तोंडात हात जात नाही, खत काढता येत नाही. पसरट तोंडाचा रांजण किंवा मोठी कुंडी बरी. तुमच्याकडे डोंबिवलीत पावसाळ्याचे चार महिने माठ बाहेरून सुकतच नाही, त्यामुळे आत चिखल होतो. तिथे त्याचा उपयोग तयार खत साठवायला करा. खत त्यात महिनोन्‌महिने दमट राहतं.

थर्माकोलचा खोका. ऊन अडवायला उत्तम, पण गांडुळांचं घर म्हणून नको. मुंग्या आणि उंदीर तो कुरतडतात, पांढरे कण खतात मिसळतात, आणि ते वेचणं अशक्य होतं. खोका उपडा करून दुपारच्या वेळी टबावर उन्हाचा आडोसा म्हणून ठेवा, किंवा टब त्यात बसत असेल तर तसा बसवा, भोकांखाली ताट ठेवून.

तेलाचे पत्र्याचे डबे आणि जुने टायर लोक हौसेने आणतात. दोन्ही नकोत. पत्रा तापतो आणि गंजतो, टायर तापतो आणि त्याच्या कडेत पाणी साचून डास होतात. अंगण असलेल्यांनी बंद पडलेला फ्रिज आडवा पाडून वापरलेला मी पाहिला आहे. त्याच्या भिंती उष्णता अडवतात, त्यामुळे तो चांगला चालतो. पण त्यातला गॅस जाणकाराकडून आधी काढून घ्यायला हवा आणि दार पूर्ण उखडून टाकायला हवं, कारण लहान मूल आत अडकण्याची भीती असते.

टबाला तळाशी पेन्सिल जाईल एवढी पंधरा-वीस भोकं पाडा. ड्रिल मशीन शेजारून मागा. तापवलेल्या सळईनेही होतं, पण जळत्या प्लॅस्टिकचा धूर छातीत जाऊ नये म्हणून ते गच्चीवर, वाऱ्यात करा. कडेला वरच्या बाजूला थोडी बारीक भोकं पाडा आणि आतून डासांच्या जुन्या जाळीचा तुकडा चिकटवा. टब दोन विटांवर ठेवा, खाली जुनं ताट. झाकण घट्ट नको. ओलं गोणपाट थेट अंथरुणावर पसरा आणि तोंडाला जाळी बांधा.

आता अंथरूण. ऑनलाइन खरेदीचे तपकिरी खोके घरात येतातच. चिकटपट्टी काढून त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडा. अंड्यांचे कागदी ट्रे, साध्या वर्तमानपत्राची रद्दी, नारळाच्या शेंड्या मोकळ्या करून, वाळकी पानं, यातलं जे असेल ते. गुळगुळीत रंगीत मासिकांचा कागद नको. सगळं रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून काढा आणि टबात वीतभर उंचीचा सैल थर करा. त्यात दोन-तीन ओंजळी जुनं शेणखत आणि मूठभर साधी माती मिसळा, ती दळण्यापुरती. ताजं शेण मात्र घालू नका. ते तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. शेण पंधरा दिवस तरी उघड्यावर मुरलेलं असावं. रसवंतीवरून उसाची चिपाडं आणलीत तर तीही आधी दोन-तीन आठवडे ओली करून मुरवा, त्यांतली साखर आंबते.

ओल किती, याला एकच परीक्षा. अंथरुणातून मूठभर उचला आणि जोराने आवळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब चमकले पाहिजेत. धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. ही मूठ दर आठवड्याला आवळत चला. महिन्याभरात हाताला असं वळण लागतं की टबावरचं गोणपाट उचलतानाच कळतं.

आता मुरवणीच्या बादल्या. दोन्हींच्या तळाला आणि कडेला भोकं पाडा. पहिल्या बादलीत तळाशी चार बोटं कोरडे पुठ्ठ्याचे तुकडे घाला. रोजची सालं, देठं, चहाचा चोथा बारीक चिरून त्यात टाका आणि प्रत्येक वेळी वर तेवढाच कोरडा पुठ्ठा किंवा पाला चुरडून घाला. डोळ्यांनी मोजलं तरी चालेल, जेवढा हिरवा तेवढाच कोरडा. कधीतरी मूठभर तयार खत विरजण म्हणून मिसळा. एक-दोन दिवसांआड काठीने तळापासून ढवळा. दोन दिवसांनी हात घालून बघा, कोमट लागेल. हीच ती गरमी, जी तुमच्या गांडुळांनी सोसली. इथे ती निघून जाऊ द्यायची. बादली भरली की दुसरी सुरू करा आणि पहिलीला मुरू द्या. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस, थंडीत दोन आठवडे. हात घातल्यावर गार लागलं, आंबूस वास गेला, केळीची साल काळी पडून बोटांनी चिरडता आली, की गांडुळांचं जेवण तयार झालं.

हे जेवण टबात आठवड्यातून एकदाच द्या, सगळीकडे पसरून नव्हे तर एका कोपऱ्यात, अंथरुणाच्या दोन बोटं खाली पुरून. पुढच्या आठवड्यात दुसरा कोपरा. आधीचं संपलेलं नसेल तर थांबा. जेवण एका जागी असल्याने काही बिनसलंच तर गांडुळांना उरलेल्या जागेत सरकता येतं.

किती द्यायचं, याचा हिशेब नीट समजून घ्या. गांडुळं रोज स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातात असं सगळीकडे सांगितलं जातं. हवा, ओल, अन्न सगळं मनासारखं असेल तर ते खरं आहे. बाल्कनीतल्या टबात त्याच्याही निम्मं धरा. तुमच्याकडे जिवंत गांडुळं आता पाव किलोसुद्धा नसतील, म्हणजे रोजची चार-पाच चमचे मुरवण झाली. चार माणसांच्या घरात निघणारी सालं यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून पहिले तीन-चार महिने सगळा कचरा गांडुळांना पुरवायचा हट्ट धरू नका. उरलेला मुरवणीच्या बादलीत आणखी महिना-दीड महिना राहिला तर त्याचंही साधं कंपोस्ट होतंच. गांडुळांची संख्या जागा आणि अन्न बघून आपोआप वाढते.

ती वाढते कशी, हे बघायला मिळतं तो दिवस मला अजूनही आनंदाचा वाटतो. दीड-दोन महिन्यांनी ओल्या पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये बोट घालून बघा. मोहरीहून जरा मोठे, दोन्ही टोकांना निमुळते, पिवळसर दाणे दिसतील. हे कोष. ताजे असताना फिकट पिवळे, पिकत आले की तांबूस होतात, आणि उजेडाकडे धरले तर आत बारीक हालचाल दिसते. आयसेनियाच्या एका कोषातून साधारण दोन-चार पिल्लं निघतात, पांढुरक्या दोऱ्याएवढी, आणि दीड-दोन महिन्यांत ती स्वतः कोष घालायला लागतात. कोष दिसले की समजा, घर त्यांना मानवलं.

स्वयंपाकघरातलं काय चालतं आणि काय नाही, याची लांबलचक यादी मी देत नाही, कारण मुरवण नीट असेल तर बरंच काही चालून जातं. पण काही गोष्टी मुरवूनही नकोत. खरकटं, तेल-मीठ असलेलं काहीही, लोणचं, मासे-मटणाचे अवशेष, दूध-दही. मीठ गांडुळाच्या ओल्या कातडीला सोसत नाही, आणि बाकीच्यांनी उंदीर येतात. शिळा भात फार तर मूठभर, तोही मुरवणीतच. लिंबू-मोसंबीची सालं, मिरच्या, लसूण, आलं हे थोडं. डाळिंबाची साल, आंब्याची कोय, कढीपत्त्याच्या काड्या महिनोन्‌महिने तशाच राहतात, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका, चाळून परत टाका. अंड्याची टरफलं वाळवून जुन्या मिक्सरमध्ये पूड करा आणि महिन्यातून दोन चमचे भुरभुरा, आंबटपणा ताब्यात राहतो. चहाच्या चोथ्यातली साखर-दूध आधी धुऊन टाका. निर्माल्यातला झेंडू, तुळस, दूर्वा चालतात. दोरा, जर, कापूर आणि प्लॅस्टिकची फुलं मात्र वेचून काढा. फणस आणि आंब्याच्या दिवसांत कचरा एकदम गोड होतो आणि जोरात तापतो, तेव्हा कोरडा पुठ्ठा दुप्पट घाला. कुत्र्या-मांजरांची विष्ठा कधीच नको. गांडूळखत फार तापत नाही, त्यामुळे रोगजंतू मरतीलच असं नाही. टोमॅटोच्या बिया कुंडीत भराभर उगवून येतात त्याचं कारणही हेच. टबात हात घातल्यावर साबणाने धुवा.

कलिंगडाची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. मुरवणीशिवाय थेट द्यावी अशी माझ्या मते ती एकच गोष्ट. खाऊन झालेली फोड, लाल भाग खाली करून, संध्याकाळी अंथरुणावर पालथी ठेवा. सकाळी उचला. पांढऱ्या गरात खड्डे पडलेले असतात आणि खाली गांडुळांचा गुंता झालेला असतो, लहान-मोठी सगळी. गांडुळं किती आहेत, तब्येत कशी आहे, हे एका नजरेत कळतं. खत काढताना गांडुळं गोळा करायचीही हीच सोपी युक्ती. एका वेळी एकच फोड ठेवा, पाण्याचा अंश फार असतो.

जागेबद्दल. पश्चिमेची बाल्कनी सोडा. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, भांडी घासायच्या जागेजवळ, पॅसेजच्या सावलीच्या कोपऱ्यात, कुठेही चालेल. मात्र वॉशिंग मशीनला टेकून ठेवू नका. चार्ल्स डार्विनने इंग्लंडमधल्या आपल्या घरी मातीच्या कुंड्यांत गांडुळं पाळून त्यांचं निरीक्षण केलं होतं आणि १८८१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. शिट्टी वाजवली, जोरात ओरडलं, पियानो जवळ वाजवला तरी त्यांना काही वाटत नसे. पण कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर वाजवला की ती झटकन बिळात जात. ऐकू येत नाही, पण थरथर मात्र अंगाला जाणवते. कपडे पिळताना मशीन जशी हलते तशी जागा त्यांच्यासाठी नव्हे. घरातल्या टीव्हीची, गप्पांची मात्र काळजी करू नका.

सासूबाईंचं म्हणणं मनावर घ्या. वासाची त्यांची तक्रार रास्त आहे. नीट चाललेल्या टबाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो, दुसरा कुठलाही नाही. सडका वास म्हणजे हवा संपली: अंथरूण हलक्या हाताने मोकळं करा, कोरडा पुठ्ठा घाला, आठवडाभर जेवण बंद. आंबट वास म्हणजे मुरवण कच्ची होती, टरफलांची पूड घाला. नाकाला झोंबणारा वास म्हणजे हिरवा कचरा किंवा शेण जास्त. खरं तर त्यांनाच रोज एकदा वास घ्यायला सांगा. ज्या घरात मोठी माणसं यात सामील झाली तिथे हे काम टिकलं, असा माझा अनुभव आहे.

पाहुण्यांचंही सांगते. मुंग्या आल्या तर अंथरूण कोरडं पडलं आहे. पाणी शिंपडा आणि विटांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. त्या पाण्यात तेलाचे दोन थेंब टाका, नाहीतर डेंग्यूचे डास होतील. मुंग्यांचा खडू टबाजवळ वापरू नका. चिलटं मुरवणीच्या बादलीत होतात, वर दोन बोटं कोरडा थर आणि तोंडाला जुन्या ओढणीचं कापड बांधलं की कमी होतात. तपकिरी-करड्या, चपट्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या, कचरा खाणाऱ्याच, माणसाला निरुपद्रवी. पण त्या आल्या म्हणजे टबात कच्चं आणि ओलं फार झालं. वेचून पक्ष्यांना घाला. गोम दिसली तर चिमट्याने उचलून बाहेर, ती गांडुळं खाते. उंदरांसाठी जाळी आणि त्यावर वजन, दुसरा उपाय नाही.

ऋतूंप्रमाणे थोडं बदलावं लागतं. जूनपासून तुमच्याकडे हवेतच इतकी ओल असते की वरून पाणी घालायची गरज नाही, उलट दर आठवड्याला कोरडा पुठ्ठा घालत राहा. मुसळधार पावसाच्या रात्री गांडुळं भिंतीवर चढतात, जाळी घट्ट बांधा. एप्रिल-मेमध्ये गोणपाट दिवसातून दोनदा ओलं करा. पाण्याच्या जुन्या बाटलीत पाणी गोठवून, कापडात गुंडाळून दुपारी अंथरुणावर आडवी ठेवा. नागपूर-चंद्रपूरकडच्या अनेक घरांत या एका बाटलीने उन्हाळा निभावला आहे.

तीन महिन्यांनी टबात वरून काळसर, चहापत्तीसारखे दाणे दिसायला लागतील. आठवडाभर जेवण आणि पाणी बंद करा. मग जुन्या प्लॅस्टिकच्या गोणीवर त्याचे चार-पाच छोटे ढीग करा आणि वर बल्ब लावा किंवा सकाळच्या कोवळ्या उजेडात ठेवा. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली सरकतात. दहा मिनिटांनी वरचं खत हाताने काढा, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. तो नव्या अंथरुणात सोडा. खत जुन्या चाळणीने चाळा आणि सावलीतच ठेवा. उन्हात खडखडीत वाळवलं तर त्यातलं जिवंतपण जातं. मोठ्या कुंडीला महिन्याला दोन मुठी पुष्कळ झाल्या. नुसत्या गांडूळखतात रोप लावू नका, मातीत पाचवा हिस्सा पुरे.

टबाखालच्या ताटात जमणाऱ्या तपकिरी पाण्याला लोक व्हर्मीवॉश, म्हणजे गांडुळांच्या थरातून झिरपलेलं खतपाणी म्हणतात आणि बाटल्या भरून ठेवतात. तो कचऱ्याचा झिरप आहे. नीट टबातून तो फार निघतही नाही. वास नसेल तर दहापट पाणी घालून फुलझाडांच्या मातीत ओता, वास असेल तर सरळ गटारात. खरा व्हर्मीवॉश हवा असेल तर नळाचा जुना प्लॅस्टिकचा वॉटर फिल्टर घ्या. आतली कँडल काढा, तळाला खडी, वर वाळू, त्यावर वीतभर जुनं शेणखत आणि भरपूर गांडुळं. वरून छोट्या भोकाच्या मडक्यातून रात्रभर थेंब-थेंब पाणी पडू द्या आणि सकाळी नळ उघडा. पण हे पहिलं खत निघाल्यानंतर.

आज तुमच्याकडे जगलेली गांडुळं आहेत, त्यांचं आधी बघा. बादलीतला कचरा आणि चिखल उपसून बाजूला करा, जिवंत गांडुळं हाताने वेचा, साध्या पाण्याचा हलका शिपका द्या आणि भिजवून पिळलेल्या पुठ्ठ्याच्या अंथरुणात मोकळी सोडा. वर एक छोटा बल्ब दोन रात्री चालू ठेवा म्हणजे ती बाहेर न येता आत शिरतील. दहा दिवस काहीही खायला देऊ नका, ओला पुठ्ठा आणि शेणखत हेच त्यांना पुरेसं आहे. तोवर पहिली मुरवण तयार होईल.

आणि गणपतीला गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन रोज खाऊ घालायला सांगू नका. ते प्रेमापोटी जास्त घालतात आणि टब सडतो. निघायच्या आदल्या दिवशी एका कोपऱ्यात नेहमीएवढी मुरवण पुरा, वर चार बोटं ओल्या पुठ्ठ्याचा थर द्या, गोणपाट भिजवून झाका आणि सावलीत ठेवून निघा. पंधरा दिवस सहज निघतात.